जुनं नाव लावताय, तर गाडी खालून दाखवा

प्रति,
भारतात मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये गाड्यांची नावं ठरवणारे सर्व साहेब आणि मॅडम यांस,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात माझ्या भाच्यानं नवी गाडी घेतली. शोरूममधून निघाला, सिद्धेश्वराचं दर्शन घेतलं आणि थेट माझ्या गॅरेजवर आला. बोनटवर झेंडूचा हार, चाकांना चिरडलेल्या लिंबाचा वास, हातात पेढ्यांचा बॉक्स. डिकीच्या दारावर उजवीकडे लाल अक्षरांत एक नाव होतं. ते नाव मी पंचवीस वर्षांपूर्वी रॅलीत धावलेल्या एका गाडीच्या फोटोखाली पहिल्यांदा वाचलं होतं. भाच्याला ते माझ्याकडूनच कळलेलं. लहानपणी तो गॅरेजवर येऊन बसायचा तेव्हा मी त्याला त्या गाडीबद्दल सांगायचो. त्या नावापायी त्यानं साध्या मॉडेलपेक्षा सव्वा लाख रुपये जास्त मोजले होते.

"मामा, रॅम्पवर घ्या की. खालून बघू."

घेतली. मागच्या बंपरला दोन चकचकीत सायलेन्सर दिसत होते. खालून बघितलं तर दोन्ही प्लॅस्टिकच्या चौकटी, आतून बंद. खरा पाइप साध्या मॉडेलचाच, बंपरच्या आड जमिनीकडे वळवलेला. पुढच्या ब्रेकवर लाल रंग दिसत होता, तो कॅलिपरवर, म्हणजे ब्रेक आवळणाऱ्या भागावर, बसवलेल्या झाकणाचा. मागे साधा ड्रम ब्रेक, त्यालाही तोच लाल रंग. मग टॉर्च धरून स्प्रिंगवरचा पार्ट नंबर वाचला. त्याच मॉडेलची साधी गाडी त्या दिवशी सर्व्हिसिंगला आलेली होती, तिचाही वाचला. नंबर एकच. इंजिन एकच, गिअरबॉक्स एकच, टायरची रुंदीसुद्धा एकच. फरक होता तो सीटवरच्या लाल शिलाईत, काळ्या अलॉय चाकांमध्ये आणि त्या नावात.

भाचा माझ्याशेजारी मान वर करून उभा होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग मामा, हे नाव कशाचं?"

तो प्रश्न मी तुमच्याकडे पाठवतोय. त्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ही सवय आता बऱ्याच जणांना लागली आहे. जुन्या शर्यतीच्या गाडीचं नाव कपाटातून काढायचं, त्याचा बिल्ला करायचा आणि साध्या गाडीला चिकटवायचा.

आमचं घर चादरीचं. वडील पूर्व भागात एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते, मागांची देखभाल बघायचे. चादर कशी बघायची हे त्यांनी मला शाळेत असतानाच शिकवलं. गिऱ्हाईक आधी लेबल बघतं. वडील आधी चादर उलटी करायचे. खरी सोलापुरी चादर जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, दोन थरांत विणलेली असते, त्यामुळे समोरच्या बाजूला जी नक्षी दिसते तीच पाठीमागे उलट्या रंगात उमटते. लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर मागे पांढऱ्यावर लाल मोर. धागे मोकळे लोंबत नाहीत, हातात घेतली की वजन कळतं. आता सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. तरीही भलतीकडेच विणलेल्या हलक्या चादरी सोलापूरच्या नावानं बाजारात विकल्या जातात, आणि आमच्या विणकरांच्या पोटावर पाय येतो. त्यामुळे नावाचं मोल आणि नावाची चोरी, या दोन्ही गोष्टी आम्हा सोलापूरकरांना कोणी समजावून सांगायची गरज नाही.

गाडी उलटी करता येत नाही, म्हणून मी ती रॅम्पवर चढवतो.

मोटारींच्या बाबतीतही सोलापूरचा थोडा हक्क आहे, हे इथं सांगून टाकतो. वालचंद हिराचंद आमच्या गावचे, १८८२ साली इथंच जन्मले. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरबरोबर डॉज आणि प्लीमथ गाड्या जोडल्या गेल्या, मग फियाट आली, आणि त्या फियाटची पुढे पद्मिनी झाली. स्टिअरिंगजवळच्या दांड्याचे गिअर टाकत मी पद्मिनीवरच गाडी शिकलो. पण मला सांगायचंय ते प्रीमियरच्या दुसऱ्या गाडीबद्दल. १९८५ च्या सुमारास त्यांनी ११८ एनई आणली. एनई म्हणजे निस्सान इंजिन. जुन्या फियाट १२४ च्या बॉडीत निस्सानचं १.२ लिटरचं इंजिन बसवलं होतं आणि कंपनीनं ते दडवलं नाही, सरळ नावातच घातलं. बोनट उघडायच्या आधीच मिस्त्रीला कळायचं आत काय आहे.

त्या काळातली बरीचशी नावं अशीच होती. जीटीआयमधला आय म्हणजे इंजेक्शन, इंजिनात इंधन फवारून देणारी यंत्रणा. फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स म्हटलं की १.६ चं, शंभर अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन. फोर्ड फिएस्टा १.६ एस म्हटलं की कडक सस्पेन्शन. तीच गोष्ट होंडाच्या व्हीटेकची.

व्हीटेकवर थोडं जास्त लिहितो, कारण २००१ सालची एक सिटी व्हीटेक अजून माझ्याकडे येते. मालक निवृत्त प्राध्यापक आहेत, वालचंदच्या नावाच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. दीड लिटरच्या इंजिनातून १०६ अश्वशक्ती, त्या काळात आपल्याकडे या वर्गात दुसऱ्या कोणाकडे नव्हती. वरचं झाकण काढलं की कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर, वेगळ्या उंचीचे उंचवटे दिसतात. गाडी हळू असताना बुटके उंचवटे काम करतात. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या की तेलाच्या दाबानं एक छोटी पिन सरकते, व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर एकमेकांत अडकतात आणि उंच उंचवटा व्हॉल्व्ह जास्त उघडायला लागतो. इंजिन मोठा श्वास घेतं. माझ्या हाताखालच्या पोरांना मी ती पिन बोटानं सरकवून दाखवतो. करंगळीच्या पेरापेक्षा लहान असेल. पण काटा वर चढला की आवाजाची जातच बदलते, आणि रस्त्यावरचा कोणीतरी वळून म्हणतो, "काय आवाज करलालीय बे गाडी!" व्हीटेक हे नाव म्हणजे ती पिन.

होंडानं २००३ मध्ये नवी सिटी आणली तेव्हा तिला ७७ अश्वशक्तीचं, मायलेजवालं इंजिन दिलं. एका सिलेंडरला दोन-दोन प्लग, चार सिलेंडरचे आठ. आम्ही जुन्या सिटीचे चाहते फार हिरमुसलो. पण त्या इंजिनाला त्यांनी आय-डीएसआय असं त्याचं स्वतःचं नाव दिलं, व्हीटेकचा बिल्ला उसना घेतला नाही. गाडी आवडली नसली तरी कंपनीबद्दलचा आदर त्यामुळे कमी झाला नाही. मला जे मागायचंय ते एवढंच आहे.

उलटं उदाहरण मारुती झेनचं. १९९३ ची झेन ही लहान, हलकी, जमिनीला चिकटून पळणारी गाडी. अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन, आणि पोरांनी तिच्यात काय काय बदल करून शर्यतीत उतरवली ते मी स्वतःच्या हातानं केलंय. २००६ मध्ये ती बंद झाली आणि झेन हे नाव एका उंच, डब्यासारख्या गाडीला लावलं, झेन एस्टिलो. वॅगनआरचंच अंग. घरच्या वापराला गाडी वाईट नव्हती, सोलापुरात शेकड्यांनी खपली. पण जुन्या झेनचा मालक तिच्याकडे गेला नाही. तीन वर्षांत, २००९ च्या नव्या रूपात, कंपनीनंच झेन शब्द काढून टाकला आणि नुसती एस्टिलो ठेवली. तेरा वर्षांत कमावलेलं नाव तीन वर्षांत खर्चून टाकलं. आज मारुतीला झेन परत आणायची झाली तर मधला हा डाग आधी पुसावा लागेल.

सफारीबद्दल लिहिताना जड जातं, कारण टाटा म्हटलं की आम्ही घरचंच माणूस म्हणतो. १९९८ ची सफारी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी मिळायची, चिखलासाठीच्या लो रेंज गिअरसकट. आमच्याकडचे ऊसवाले बागायतदार पावसाळ्यात काळ्या चिखलातून फडापर्यंत ती न्यायचे. २०२१ मध्ये ते नाव हॅरियरच्या तीन रांगांच्या भावंडाला मिळालं, आणि ताकद फक्त पुढच्या चाकांना. आरामदायी, मजबूत, हायवेला उत्तम गाडी आहे, मी लोकांना घ्या म्हणून सांगतो. पण चिखलात अडकल्यावर ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि ट्रॅक्टरवाला नाव वाचून हसतो.

बाहेर देशातही हेच चाललंय. फोर्ड काप्री १९६९ ते १९८६ लांब नाकाची दोन दारांची कूपे होती. २०२४ मध्ये तेच नाव एका इलेक्ट्रिक एसयूव्हीला दिलं, तेही फोक्सवॅगनच्या सांगाड्यावर. मित्सुबिशी एक्लिप्सचंही तेच झालं.

आता माझ्याबद्दल गैरसमज नको. जुनं तेवढं सोनं, असं मी म्हणत नाही. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. नातवानं धोतर नेसावं असा कोणाचा आग्रह नसतो. पण त्या पोराला रागावताना आई ते नाव तोंडातून काढत नाही, बंड्या नाहीतर बाळ्या म्हणून ओरडते, कारण नाव सासऱ्याचं असतं. तेवढी अदब तुमच्या मीटिंगमध्ये नावं ठरवताना असावी, एवढीच अपेक्षा.

ती अदब कोणी दाखवलीच नाही असंही नाही. टोयोटानं २०१९ मध्ये सुप्रा परत आणली. इंजिन बीएमडब्ल्यूचं, गाडी बनवलेली ऑस्ट्रियात. पुष्कळ लोक चिडले. मी कागद बघितले: सहा सिलेंडर एका रांगेत, ताकद मागच्या चाकांना, दोन माणसांची बैठक. सुप्रा ज्या गोष्टींसाठी ओळखली जायची त्यातल्या मुख्य दोन जागच्या जागी होत्या. अल्पाइननं २०१७ मध्ये ए११० परत केली तेव्हा वजन अकराशे किलोंच्या आसपास धरून ठेवलं, कारण जुनी ए११० हलकेपणावरच रॅली जिंकायची. रेनॉ ५ तर २०२४ मध्ये पूर्ण इलेक्ट्रिक होऊन आली. मी आधी नाक मुरडलं होतं, मग मत बदललं. ती पुन्हा लहान, स्वस्तातली, गल्लीबोळात वळणारी गाडीच आहे. आपल्याकडे टाटांनी २०२५ मध्ये सिएरा परत आणली ती पाच दारांची, जुनी तीन दारांची होती, तरी माझी काही तक्रार नाही. १९९१ ची सिएरा लोकांच्या लक्षात राहिली ती मागच्या त्या वरपर्यंत वळलेल्या काचेमुळे, आणि तिची आठवण नव्या गाडीच्या अंगावर कोणालाही दिसते.

सगळ्यात जवळचं उदाहरण रांजणगावचं. २०१५ मध्ये फियाटनं तिथून अबार्थ पुंटो काढली. अबार्थ हे फियाटच्या वेगवान गाड्यांचं नाव, त्याच्या बिल्ल्यावरचा विंचू १९४९ पासूनचा, संस्थापक कार्लो अबार्थ यांच्या राशीचा. साध्या पुंटोला नुसता विंचू चिकटवूनही गाडी विकता आली असती. त्यांनी १.४ टर्बो पेट्रोल इंजिन घातलं, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क, उंची कमी केली, आणि किंमत दहा लाखांच्या आत ठेवली. माझ्या रॅम्पवर अशा दोन येऊन गेल्या. खालून बघितल्या की साधी पुंटो आणि ही यांच्यातला फरक शिकाऊ पोरालाही सांगता यायचा. फार खपल्या नाहीत. पण आजही कोणी विकायला काढली की पुण्याहून माणसं बघायला येतात.

एक गोष्ट मला वाचून फार भावली. पहिल्या गोल्फ जीटीआयची. थोड्या इंजिनिअर मंडळींनी ऑफिसच्या कामापलीकडे, जवळजवळ लपूनछपून ती तयार केली. १९७६ मध्ये विक्रीला आली, १.६ लिटर, ११० अश्वशक्ती, वजन आठशे किलोंच्या आसपास. कंपनीचा अंदाज पाच हजार गाड्यांचा होता, त्या पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून जास्त गेल्या. तिच्या सीटचं चौकड्याचं कापड आणि गिअरच्या दांड्यावरचा गोल्फचा चेंडू या दोन्ही कल्पना गुनहिल्ड लिलियेक्विस्ट या बाईंच्या. त्या फोक्सवॅगनच्या रंग आणि कापड विभागात होत्या. मी विणकराच्या घरातला, त्यामुळे हे वाचल्यावर माझी छाती फुगली. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या वेगवान नावामागे कापडाची जाण असलेली एक बाई होती.

म्हणून सजावटीला माझा विरोध आहे असं समजू नका. लाल शिलाई, चौकडा, पट्टे, सगळं हवं. जीटीआयचा चौकडा शोभला, कारण त्या सीटच्या पुढे ११० अश्वशक्ती होती. नुसता चौकडा विकला असता तर नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. २०२५ मध्ये जीटीआय आपल्याकडे आली ती २६५ अश्वशक्ती आणि चौकडा दोन्ही घेऊन. हाताचा गिअर मात्र गेला, आणि त्याबरोबर तो चेंडूही.

आता आमच्यासारख्या गावांचा प्रश्न. जी खरी नावं तुम्ही परत आणता ती शंभर-दीडशे गाड्यांपुरती. ऑक्टाव्हिया आरएस २०२५ मध्ये आली, शंभर गाड्या, पन्नास लाखांच्या आसपास. २०१६ ची पोलो जीटीआय नव्व्याण्णव. ज्यांना मिळाल्या त्यांचं अभिनंदन. सोलापूरच्या पोरानं त्या फोनच्या पडद्यावर बघितल्या. आणि त्याच्या बजेटमध्ये जे येतं ते माझ्या भाच्याच्या गाडीसारखं, लाल झाकणवालं. मारुतीनं २०१७ मध्ये बलेनो आरएस काढली होती, एक लिटर टर्बो, १०२ अश्वशक्ती, मागेही डिस्क ब्रेक, किंमत नऊ लाखांच्या आत. तीन वर्षांत बंद केली. खपली नाही म्हणाल, पण किती गावांत टेस्ट ड्राइव्हला गाडी ठेवली होती? मला स्वतःला एका शोरूममध्ये अशाच एका गाडीबद्दल विचारल्यावर "ती पुण्यात बघा" असं उत्तर मिळालं होतं. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर. गाडी चालवून बघायला माणूस जाऊन येऊन पाचशे किलोमीटर करील का? आणि घेतल्यावर पुढचा ब्रेक पॅड सहा आठवड्यांनी आला, तर पुन्हा कोणाला घ्यायला सांगेल का?

तर मागणं असं. जुनं नाव लावायचं असेल तर साध्या मॉडेलपेक्षा इंजिनात, ब्रेकमध्ये आणि सस्पेन्शनमध्ये काय बदललं ते एका कागदावर लिहा आणि शोरूमच्या काचेवर लावा, पार्ट नंबरसकट. ज्या गाडीचा तो कागद कोरा राहील तिला नवीन नाव द्या. खुशाल लाल शिलाई द्या, त्याचे पैसेही घ्या, लोक आनंदानं देतील. नाव तेवढं कपाटात राहू द्या. गाडी इलेक्ट्रिक असली तरी चालेल, पण मग जुन्या गाडीचा कोणता गुण तिच्यात उतरला तेही त्याच कागदावर लिहा. हाताचा गिअर निदान एका मॉडेलला ठेवा. आणि ब्रेक, क्लच, शॉकअप हे सुटे भाग दहा वर्षं तरी जिल्ह्याच्या गावाला मिळतील अशी सोय करा.

भाच्यानं गाडी ठेवली आहे. हप्ते चालू आहेत, आणि गाडी म्हणून ती चांगली आहे. त्या रविवारी मात्र तो हेअर ड्रायर आणि दोरा घेऊन आला. बिल्ल्याचा गोंद गरम करून, दोरा मागून ओढून त्यानं तो अलगद काढला, ओरखडा न पडू देता. पत्र्यावर अक्षरांचा फिकट ठसा राहिला होता, तो पॉलिश करून घालवला. बिल्ला त्यानं फेकला नाही. माझ्या टेबलाच्या खणात ठेवलाय. म्हणाला, "खरी गाडी काढली की लावू."

तुमच्यापैकी कोणाला वेळ असेल तर या. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री मुंबईहून निघते, सकाळी सोलापूरला पोचवते. येण्याआधी जुन्या नावाची नवी गाडी पाठवून द्या, त्या नावाची जुनी शोधायची जबाबदारी माझी. दोन्ही रॅम्प मोकळे ठेवतो.

कळावे,
आपला,
एक गॅरेजवाला
अक्कलकोट रोड, सोलापूर